मदत हवी आहे: मासेमारीच्या ब्रेडला (विणलेल्या दोरीला) धरणारी, सगळीकडे चालणारी एकच गाठ

खाडीत जेट्टीवरून गळ टाकतो, जिताडा आणि तांबोशीसाठी. रीलवर २० पौंडी ब्रेड, पुढे हातभर ३० पौंडी तंगूसचा लीडर (दोरी आणि गळ यांच्यामधला तुकडा). आजवर सगळीकडे क्लिंच गाठच मारली. तंगूसला ती नीट बसते, ब्रेडला मात्र घसरते. माशाने हिसका दिला की दोरी तुटत नाही, नुसती सुटून येते, टोकाला पिळाच्या कुरळ्या खुणा घेऊन. थुंकीने ओली करून, सावकाश आवळून, वेढे वाढवूनही तेच.

पालोमर गाठ घरी जमली, धरतेही झकास. पण त्यात दुहेरी फासातून अख्खा लूर (नकली आमिष) काढावा लागतो आणि तिहेरी हुक हमखास अडकतात. लीडर जोडायला तर ती कामाचीच नाही. म्हणून युनी गाठ शिकतोय: तिने गळ, स्विव्हल (फिरती कडी) बांधता येतात, शिवाय दोन युनी समोरासमोर मारून लीडरही जोडता येतो. (लीडर जोडायची एफजी गाठ सुचवू नका. रात्री हेडलॅम्पच्या उजेडात ती माझ्या बोटांना झेपणारी नाही.)

ज्यांची युनी रोजच्या वापरातली आहे त्यांनी सांगा: ब्रेडच्या बाजूला वेढे किती आणि तंगूसच्या बाजूला किती? ब्रेड दुहेरी करून बांधता का? आणि टोक किती ठेवून कापता, म्हणजे फेकताना जोड गाइडमध्ये (रॉडवरच्या कड्यांत) अडकत नाही?