विषय: पोर्टफोलिओ मार्जिनवर डिव्हिडंडचे शेअर्स घ्यावेत का?

एडिसनहून:

नमस्कार मंडळी,
खात्यात २ लाख डॉलरचे शेअर्स आहेत आणि ब्रोकरने नुकतंच पोर्टफोलिओ मार्जिन (म्हणजे शेअर्स तारण ठेवून मिळणारं कर्ज) मंजूर केलंय. आणखी २ लाख ६ टक्क्यांनी उचलून एकूण ४ लाखांचे, साडेतीन टक्के डिव्हिडंड देणारे शेअर्स ठेवावेत असा विचार आहे. वर्षाला १४,००० येतील, १२,००० व्याज जाईल, २,००० उरतील. कंपन्या जुन्या, भक्कम आहेत. कोणी असं केलंय का?

शार्लटहून:

अरे, आधी टॅक्स धर. १४,००० वर १५ टक्क्यांनी २,१०० गेले, राहिले ११,९००. म्हणजे व्याजालाच १०० कमी पडले, आणि स्टेट टॅक्स अजून बाकीच आहे. व्याजाची वजावट फॉर्म ४९५२ वर मिळते, पण आयटमाइझ करणाऱ्यांनाच, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवणाऱ्यांनाच. त्यातही सवलतीच्या दराने टॅक्स भरलेला डिव्हिडंड त्या हिशोबात धरत नाहीत. स्टँडर्ड डिडक्शन (ठरावीक सरसकट वजावट) घेत असशील तर विषयच संपला.

पण मला खरी काळजी वेगळी आहे. साध्या मार्जिनवर खरेदी करताना निम्मे पैसे आपले लागतात आणि पुढे किमान २५ टक्के वाटा राखावा लागतो. पोर्टफोलिओ मार्जिनमध्ये शेअर्स साधारण १५ टक्के हलले तर किती तोटा होईल ते काढतात आणि तेवढंच तारण मागतात. त्यामुळे २ लाखांवर तुला १३ लाखांपर्यंतची खरेदी दिसत असेल. त्या आकड्याकडे कृपा करून बघूच नकोस.

१९ फेब्रुवारी ते २३ मार्च २०२० या काळात एस अँड पी ५०० (अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) जवळपास ३४ टक्के पडला. तुझे ४ लाख तसेच पडले तर होतील २,६४,०००. कर्ज वजा जाता तुझे ६४,०००. १५ टक्क्यांच्या हिशोबाने ३९,६०० पुरतात, म्हणजे कागदावर तू तरलास. पण या सोयीसाठी ब्रोकर सहसा १ लाखाच्या वर शिल्लक मागतात. त्याखाली गेल्यावर त्यांनी खातं साध्या मार्जिनवर उतरवलं, तर २५ टक्क्यांनी ६६,००० हवेत. ते तुझ्याकडे नाहीत. शिवाय ब्रोकर स्वतःची अट कधीही वाढवू शकतो आणि तुला न विचारता शेअर्स विकू शकतो. करारात तसं लिहिलेलं असतं, एकदा वाच.

भक्कम कंपन्यांचं म्हणशील तर शेलने एप्रिल २०२० मध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच डिव्हिडंड कापला. इंटेलने २०२३ मध्ये तिमाही ३६.५ सेंटवरून १२.५ सेंटवर आणला आणि पुढच्या वर्षी थांबवलाच. कपात होते तेव्हा भावही पडलेला असतो, आणि कित्येकदा त्याच सुमारास नोकऱ्याही जातात. तू एच-१बी व्हिसावर असशील तर नोकरी गेल्यावर इथे राहायला जेमतेम ६० दिवस. त्या दिवसांत घरात रोकड हवी रे, मार्जिन कॉल, म्हणजे पैसे भर नाहीतर शेअर्स विकतो हा ब्रोकरचा तगादा, नको.

डॅलसहून:

ताईंचं गणित चोख आहे. एक भर घालतो: ६ टक्के हा दर कायमचा नव्हे. मार्च २०२२ पर्यंत फेडचा (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा) दर शून्याजवळ होता, जुलै २०२३ मध्ये तो ५.२५ ते ५.५० वर गेला. मार्जिनचं व्याज त्याच्यामागून चढतं, डिव्हिडंड चढत नाही.

तरी मार्जिन अजिबात नको असं मी म्हणणार नाही. जुनं घर विकून पैसे हातात येईपर्यंत नव्याचं डाउन पेमेंट भागवायला मी थोडं घेतलं होतं. शेअर्सच घ्यायचे तर २ लाखांवर २०,००० उचलून घे. बाजार ३४ टक्के पडला तरी तुझे १,२५,२०० राहतात आणि कोणी दारात येत नाही. माझ्या मते दहा टक्क्यांपुढे जाऊ नये.

एडिसनहून:

ताई, काका, मनापासून आभार. टॅक्स मी धरलाच नव्हता. २ लाखांचा बेत सोडला. पण एक विचारायचंय: थोडं कर्ज असलं तर ब्रोकर माझे शेअर्स दुसऱ्याला उसने देतो, हे खरं का?

शार्लटहून:

खरं आहे. कर्जाच्या १४० टक्के किमतीपर्यंतचे देऊ शकतो, म्हणजे २०,००० वर २८,००० चे. त्या काळात तुला मिळते ती डिव्हिडंडच्या बदल्यातली रक्कम, आणि तिच्यावर पगारासारख्याच दराने टॅक्स लागतो. ती ब्रोकरकडून येणाऱ्या १०९९-मिस्क या टॅक्सच्या फॉर्मवर ८ नंबरच्या चौकटीत दाखवतात. फेब्रुवारीत फॉर्म आला की ती चौकट आधी बघ, आणि अडलं तर मला पाठव.