परदेशी अधिकाऱ्याला लाच: हा गुन्हा कधीपासून मानला जाऊ लागला?

खर्डेघाशी: जर्मनीत १९९९ पर्यंत परदेशात चारलेली लाच 'उपयुक्त खर्च' म्हणून दाखवून करात वजावट मिळायची. मग सगळ्यांचं मत पालटलं कसं? ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचारविरोधी संस्थेमुळे?

तळटीप: ती संस्था १९९३ ची, तिचा हातभार आहेच. पण ठिणगी वॉटरगेटची, म्हणजे अमेरिकी अध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या घोटाळ्याची. त्या चौकशीत कंपन्यांचे गुप्त निधी सापडले. अमेरिकी शेअर बाजार नियामकाने 'स्वतःहून सांगा' म्हटल्यावर ४०० हून जास्त कंपन्यांनी संशयास्पद रकमा दिल्याचं कबूल केलं, ३० कोटी डॉलरच्या वर. लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीच्या लाच प्रकरणात जपानचे माजी पंतप्रधान तानाका १९७६ मध्ये अटकेत गेले. १९७७ मध्ये अमेरिकेने परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्ध कायदा केला आणि तिथेच गोची झाली: आपल्या कंपन्यांचे हात बांधलेले, युरोपच्या मोकळे! संयुक्त राष्ट्रांतला जागतिक कराराचा मसुदा बारगळला होता, म्हणून १९८८ मध्ये अमेरिकी संसदेने सरकारला ओईसीडीत (प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेत) बोलणी करायला लावली. नीतीपेक्षा धंद्याची पोटदुखी मोठी, असं माझं मत.

कलमकसाई: सहमत. खरी खुबी ओईसीडीच्या १९९७ च्या करारात आहे. 'आधी तू, मग मी' होऊ नये म्हणून करार लागू होण्याची अट अशी: दहा बड्या निर्यातदारांपैकी पाच देशांची मंजुरी हवी आणि दहांच्या एकूण निर्यातीत त्या पाचांचा वाटा किमान ६०%. फेब्रुवारी १९९९ मध्ये करार लागू झाला.

कलम ५ म्हणतं, तपासात देशाचं आर्थिक हित किंवा दुसऱ्या देशाशी असलेले संबंध आड आणायचे नाहीत. २००६ मध्ये ब्रिटनने सौदी शस्त्रव्यवहारातल्या लाचेचा तपास गुंडाळला, तेव्हा कारण दिलं राष्ट्रीय सुरक्षेचं. कलमाच्या यादीत ते नाही! पण या करारात सदस्य देशच एकमेकांची तपासणी करतात आणि ज्याची तपासणी झाली त्याला अहवाल अडवता येत नाही. ब्रिटनवर जाहीर ताशेरे आले, २०१० मध्ये कडक कायदा झाला.

खर्डेघाशी: आणि भारत?

तळटीप: ओईसीडी करारात नाही. संयुक्त राष्ट्रांचा २००३ चा भ्रष्टाचारविरोधी करार २०११ मध्ये मंजूर केला. त्याच्या कलम १६ नुसार परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं गुन्हा ठरवणं बंधनकारक आहे. त्यासाठीचं २०११ चं विधेयक मात्र लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झालं.

कलमकसाई: एक पुरवणी. नेहमीचं काम लवकर व्हावं म्हणून दिलेलं चहापाणी अमेरिकेच्या कायद्यात सुटतं, ब्रिटनच्या नाही. दोन्हीकडे धंदा असेल तर ब्रिटनचं माप धरा.