'द डॉनहाउंड्स' वाचली. यात माओरी नेमकं कुठे आहे?

निशिगंधा_वाचते
साशा स्ट्रोनॅक या माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी समाजातल्या. त्यांची ही कादंबरी काल संपवली. २०२० मध्ये तिला विज्ञानकथा-कल्पनाकथांसाठीचा न्यूझीलंडचा सर ज्युलियस व्होगेल पुरस्कार मिळालाय. हैनाक नावाचं बंदर, तिथल्या इमारती, कपडे, अगदी शस्त्रंसुद्धा जिवंत! याट ही पूर्वाश्रमीची चोर, आता पोलीस. समलिंगी लोकांच्या क्लबात सापडली म्हणून तिला खालच्या पदावर टाकलंय. गस्तीवर तिला प्रेत दिसतं, तिचेच दोन सहकारी तिचा खून करून तिला बंदरात फेकतात आणि ती जागी होते. पोलिसी तपास, भयकथा, जादू, सगळं एकमेकांत मुरलंय. याटसाठी मी रडले. पण मी हाका (माओरींचं सामूहिक नृत्य), गोंदण, होड्या शोधत बसले आणि काहीच हाती लागलं नाही. माझं काय चुकतंय?

पाणकणीस
गोंदण शोधलंत तिथेच फसलात. माओरी विचारात माणूस आणि निसर्ग एकाच वंशावळीतले. फाकापापा म्हणतात तिला. व्हांगानुई नदीकाठचे लोक म्हणतात, 'मी नदी आहे, नदी मी आहे'. २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने कायदा करून त्या नदीला व्यक्तीचा दर्जा दिला. आता हैनाकच्या जिवंत भिंती आठवा. मी तरी त्या तशाच वाचल्या.

कोरा_कागद
भाषेचंही बघा. माओरीत तो आणि ती दोघांसाठी एकच शब्द, 'इआ'. आपल्याला 'आला' की 'आली' हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं करता येत नाही.

पाणकणीस
क्विअर, म्हणजे समलिंगी वगैरे, भागाबद्दल राहिलंच, आणि मला तोच सगळ्यात जवळचा. माओरींची एक जुनी प्रेमकथा आहे. रोटोरुआ तलावातल्या मोकोइया बेटावर तुतानेकाई राहायचा. रात्री तो आणि त्याचा मित्र टिकी वाद्यं वाजवायचे. ते सूर ऐकून त्याच्या प्रेमात पडलेली हिनेमोआ निघाली, पण घरच्यांनी होड्या काठावर ओढून ठेवलेल्या. मग सहा वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधून ती पोहत गेली. गोष्ट सहसा इथे संपवतात. पण एकोणिसाव्या शतकात 'ते रांगीकाहेके' या माओरी लेखकाने ती माओरीत लिहून ठेवली, त्यात टिकी हा तुतानेकाईचा 'होआ तकतापुई', म्हणजे जिवाचा सखा आहे आणि हिनेमोआ आल्यावर तो एकटा पडतो. तुतानेकाईलाही त्याच्यासाठी वाईट वाटतं. गोष्ट सांगणाऱ्यांनी टिकीचं हे दुःख गाळलं याचा मला फार राग येतो.

न्यूझीलंडमध्ये इंग्रजांच्या कायद्याने पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवले होते. तो डाग १९८६ मध्ये पुसला गेला. त्याच सुमारास क्विअर माओरींनी 'तकतापुई' हा शब्द स्वतःसाठी पुन्हा उचलला. त्यामुळे याटला शिक्षा देणारी ती व्यवस्था मला परक्याने लादलेली वाटते. तिचं प्रेम त्याहून जुनं आहे.

निशिगंधा_वाचते
टिकीबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. मनापासून आभार. याटला बंदरात फेकतात तिथून परत वाचायला घेतेय, या वेळी पाण्याकडे लक्ष ठेवून.