घनकचरा संकलनाची निविदा: टनावर पैसे द्यायचे नसतील तर कशावर द्यायचे?

उमरेड_रोड:
नागपूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेसाठी घरोघरच्या कचरा संकलनाची निविदा तयार होत आहे. साधारण १८,००० घरे. जुनी दाट वस्ती आहे आणि बाहेरचे नवे ले-आउटही आहेत. आजवर टनामागे दर होता. आता कामगिरीवर आधारित देयक हवे असे ठरले आहे. मसुद्यात सध्या २२ निकष आहेत, किमान ७५ कामगार आणि ३३ गाड्यांची अट आहे, आणि प्रत्येक चुकीला ठरावीक रकमेचा दंड. निकष किती ठेवावेत, देयकातला किती भाग कामगिरीशी जोडावा आणि मोजणी कोणी करावी, हे जाणकारांनी सांगावे.

हिशेबनीस:
भाऊ, मसुद्यातली मोठी अडचण २२ निकषांत नाही, ७५ कामगारांच्या अटीत आहे. माणसे आणि गाड्या किती हे तुम्हीच ठरवले आणि निकालही मागितला, की ठेकेदार पहिल्याच वादात सांगतो: माणसे पुरवली, हजेरीपट पाहा, निकाल लागला नाही तर तुमचे नियोजन चुकले. लवादापुढे हा मुद्दा टिकतो. म्हणून संख्या त्याच्यावर सोडा. निविदेबरोबर मार्ग-नकाशा आणि गाडीनिहाय वेळापत्रक मागा आणि ते कराराचा भाग करा.

तुमच्याकडे पडताळणीसाठी गणित मात्र हवे. एक घंटागाडी सकाळच्या सहा तासांत फार तर ६०० घरे करते, म्हणजे घरामागे ३६ सेकंद. १८,००० घरांना ३० गाड्या आणि दहा टक्के राखीव. कोणी १८ गाड्यांत काम दाखवत असेल तर दोन पाळ्या कशा करणार ते लिहून घ्या.

निकष चारच ठेवा. महिन्याचे देयक ४० लाख धरले तर ७० टक्के, म्हणजे २८ लाख, स्थिर आणि १२ लाख कामगिरीवर:

– घरफेरी, म्हणजे गाडी खरोखर पोचलेल्या घरांचे प्रमाण: १२ टक्के (४.८ लाख)
– वेगवेगळा आलेला ओला-सुका कचरा: ८ टक्के (३.२ लाख)
– रस्त्याकडेच्या नेहमीच्या कचरा-जागा साफ राहणे: ६ टक्के (२.४ लाख)
– २४ तासांत मिटलेल्या तक्रारी: ४ टक्के (१.६ लाख)

स्थिर भागात मजुरी, भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा आणि डिझेल पूर्ण बसले पाहिजे. हे कामगिरीच्या भागात सरकले की प्रत्येक वजावट शेवटी सफाई कामगाराच्या पगारातून जाते. असे होता कामा नये.

रक्कम एकदम कापू नका, उतरत्या क्रमाने कापा. घरफेरी ९५ टक्के वा जास्त असेल तर पूर्ण ४.८ लाख, ८० किंवा कमी असेल तर शून्य, मध्ये सरळ प्रमाणात. ८९ टक्के आले तर १५ पैकी ९ टप्पे मिळाले, म्हणजे २.८८ लाख. ‘९५ च्या खाली काहीच नाही’ असे लिहिले की ९४.६ च्या महिन्यात ते ९५ करून घेण्यासाठी स्वच्छता निरीक्षकावर सगळा दबाव येतो. उतरत्या क्रमात अर्ध्या टक्क्यासाठी कोणी भांडत नाही.

काटा_पावती:
वरच्या मांडणीशी सहमत आहे, पण टन पूर्ण काढू नका. प्रक्रिया केंद्रापर्यंतची वाहतूक टनावर ठेवली तरी चालते, फक्त त्यावर लक्ष हवे. टनावर पैसे असले की नाल्याचा गाळ, बांधकामाचा राडारोडा आणि माती गाडीत येते, आणि पावसाळ्यात ओला कचरा पाण्यासकट मोजला जातो. घरगुती कचरा घनमीटरला साधारण ३५० ते ५०० किलो भरतो. राडारोडा १,२०० च्या पुढे. १.८ घनमीटरच्या छोट्या टिपरमध्ये (मागून कचरा ओतणाऱ्या गाडीत) ६५० ते ९०० किलो बसते. वजनकाट्याची पावती १,३०० किलो दाखवत असेल तर ती गाडी तिथेच रिकामी करून पाहा. ही मर्यादा काट्याच्या संगणकात घाला, म्हणजे इशारा आपोआप येईल. काट्याची वैधमापन विभागाची पडताळणी दरवर्षी करून घ्या, आणि काटा ठेकेदाराच्या जागेत नको.

१८,००० घरे, घरात सरासरी साडेचार माणसे आणि माणशी ३०० ते ४०० ग्रॅम धरले तर रोज २४ ते ३२ टन होतात. सध्याची देयके ४५ टन दाखवत असतील तर नवा मसुदा लिहिण्याआधी हा फरक शोधा.

गाडी आल्याची नोंद करायला घरावर लावलेल्या क्यूआर कोडबद्दल: कोडचे फोटो छापून एका जागी बसून स्कॅन केले जातात. स्कॅन घराच्या २५ मीटरच्या आतच ग्राह्य धरा आणि दोन स्कॅनमधली वेळ तपासा. दहा मिनिटांत २०० घरे झाली असतील तर गाडी फिरलेली नाही. दाट वस्तीत जीपीएस सरकते, तिथे अंतराची मर्यादा थोडी वाढवावी लागेल. स्कॅनवरून मार्ग तपासता येतो; पैसे मात्र त्यावर देऊ नका.

हिशेबनीस:
पैसे नमुना-पाहणीवर द्यावेत. महिन्याला ४०० घरे, सोडत त्याच दिवशी सकाळी, आदल्या दिवशी नाही. यादी आधी फुटली की त्याच गल्ल्या स्वच्छ होतात. ४०० घरांत ९० टक्के आले तर खरा आकडा साधारण ८७ ते ९३ च्या दरम्यान असतो. १०० घरांवर हीच पट्टी ८४ ते ९६ होते आणि त्यावर वजावट केली तर वाद होणारच. याच कारणाने प्रभागाला ४० घरे पाहून त्या प्रभागापुरती वजावट करू नका, नमुना पूर्ण शहराचा धरा.

पाहणी बचत गटांच्या वस्तीस्तर संघाकडे किंवा एखाद्या महाविद्यालयाकडे द्या. मानधन नगरपरिषदेने थेट द्यावे, ठेकेदाराच्या देयकातून नाही. पत्रकावर ठेकेदाराच्या पर्यवेक्षकाची सही त्याच दिवशी घ्या आणि हरकतीला ४८ तास द्या. प्रश्न दोनच: काल गाडी आली होती का, आणि ओला-सुका वेगळा घेतला का? ‘सेवा समाधानकारक आहे का’ असे विचारून काही हाती लागत नाही.

लेखाशाखा:
कागदाच्या बाजूने काही गोष्टी.

प्रत्येक चुकीला ठरावीक दंड ठेवू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. म्हणून देयकाचे सूत्रच असे लिहा की जेवढी सेवा मिळाली तेवढीच रक्कम देय होते. सलग दोन महिने घरफेरी ८० च्या खाली गेली तर सुधारणेची नोटीस, तिसऱ्या महिन्यात करार संपवण्याचा अधिकार, हे मात्र वेगळे कलम ठेवा.

किमान वेतनाचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. दरवाढीचे कलम त्याला जोडा. नाहीतर दुसऱ्या वर्षी मजुरी दबते किंवा काम बंद पडते. भविष्य निर्वाह निधीचे १३ टक्के आणि राज्य विम्याचे ३.२५ टक्के मजुरीच्या रकान्यात धरा आणि हा रकाना बोलीसाठी खुला ठेवू नका. स्पर्धा फक्त बाकीच्या खर्चावर आणि नफ्यावर होऊ द्या. पगार ७ तारखेपर्यंत बँकेत गेल्याचा पुरावा नसेल तर देयक पुढे सरकू नये.

आता आपली बाजू, जी निविदांत बहुधा राहून जाते. नगरपरिषद चार-चार महिने देयक देत नसेल तर ठेकेदार ती उशीराची किंमत दरात धरतो आणि वजावटीचा धाकही राहत नाही. दोन महिन्यांच्या देयकाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. तपासणी सात दिवसांत झाली नाही तर स्थिर भाग आपोआप देय व्हावा. प्रक्रिया केंद्र बंद असणे, रस्ता खोदलेला असणे, या आपल्या कारणांनी चुकलेल्या फेऱ्या मोजणीतून वगळा.

उमरेड_रोड:
फार उपयोगी. दोन शंका. आजची घरफेरी किती आहे हेच माहीत नाही, मग ९५ चे लक्ष्य कुठून आणायचे? आणि नागपूर शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे देण्याच्या कराराचे उदाहरण बैठकीत वारंवार दिले जाते, ते इथे लागू होते का?

हिशेबनीस:
पाण्याचा करार २५ वर्षांचा, २०१२ पासून अमलात, आणि त्याआधी धरमपेठ झोनमध्ये प्रायोगिक काम झाले होते. त्यातून घ्यायचे ते एवढेच: आधी छोट्या भागात मोजून पाहा. पाण्याला मीटर आहे, कचऱ्याला नाही. पाण्याची देयक-रचना उचलून इथे लावता येणार नाही.

लक्ष्यासाठी कार्यादेश देण्याआधी दोन प्रभागांत सहा आठवडे हीच पाहणी करा. करारातले पहिले ९० दिवस मोजणी पूर्ण, वजावट नाही. चौथ्या महिन्यात ८५, सातव्यात ९०, वर्षअखेरीस ९५, आणि प्रत्येक टप्प्यात शून्याची रेघ लक्ष्याच्या १५ खाली. हे टप्पे निविदेतच छापा, नंतर बदलले तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल. वर दिलेले ४.८ लाखांचे गणित शेवटच्या टप्प्याचे आहे. मे महिन्यात पाळी साडेपाचला सुरू करण्याची मुभा आणि पोळा, दिवाळी, धम्मचक्र प्रवर्तन दिन या दिवसांच्या जादा फेऱ्यांचा वेगळा दर, हे दोन्ही त्याच परिशिष्टात घाला.