मदत हवी आहे: फायरवॉल चालू, पासवर्डने लॉगिन बंद, तरी सर्व्हरवर मायनर (आपला सीपीयू चोरून क्रिप्टो-नाणी काढणारा प्रोग्राम) शिरला कुठून?

अर्धवट_ॲडमिन

नमस्कार. मी मुळात प्रोग्रामर. सर्व्हर बघणारा सहकारी नोकरी सोडून गेला आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

उबुंटू २०.०४ आहे. (हो, त्याचा मोफत सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. त्यावरून नंतर झापा.) दोन कोअर, डॉकरमध्ये तीन कंटेनर (एकमेकांपासून वेगळे चालणारे डबे): आमचं ॲप, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि मेमरीत डेटा ठेवणारा रेडिस ५. रेडिसमध्ये फक्त लॉगिनची सेशन्स असतात. सोमवारपासून लोकांच्या तक्रारी की सारखं लॉगआउट होतंय. दोन दिवस मी आमच्याच कोडमध्ये बग शोधत बसलो. काल रात्री टॉप (चालू प्रोसेसची यादी) लावून बघितलं तर केडेव्हटीएमपीएफएसआय नावाची प्रोसेस १९८ टक्के सीपीयू खात होती. आधी वाटलं कर्नलचंच काहीतरी असेल. मग कळलं की कर्नलच्या थ्रेडचं नाव केडेव्हटीएमपीएफएस, शेवटचा 'आय' चोराचा. किल केलं की मिनिटभरात पुन्हा हजर.

आता डोकं चालत नाही ते इथे. प्रोसेस सिस्टमडी-कोअरडम्प या युजरच्या नावावर दिसते. तो युजर मायनर कशाला चालवेल? प्रॉकमधली (प्रत्येक प्रोसेसची माहिती असते त्या फोल्डरातली) एक्झेची लिंक सांगते की फाइल टीएमपी फोल्डरमध्ये आहे, पण टीएमपीमध्ये तशी फाइलच नाही. क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या याद्या) सगळे कोरे. एसएसएच (दुरून लॉगिन) फक्त किल्लीने चालतं, आणि लास्टमध्ये, म्हणजे झालेल्या लॉगिनच्या यादीत, माझ्याशिवाय कुणी नाही. ऑथ लॉगमध्ये मात्र रूटच्या नावाने फसलेले हजारो प्रयत्न आहेत. यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये २२, ८० आणि ४४३ एवढेच पोर्ट उघडे.

शिरला कुठून? आणि सर्व्हर पुसून नव्याने न करता सुटका होईल का?

पिंग_पांडू

ऑथ लॉगमध्येच उत्तर आहे की. फेल-टू-बॅन (फसलेल्या प्रयत्नांवरून पत्ते अडवणारा प्रोग्राम) लावा, एसएसएचचा पोर्ट बदला.

जुनी_शेल

पांडू, पासवर्ड चालतच नसेल तर ते हजारो प्रयत्न म्हणजे कुलूपबंद दारावरचं ढोसणं. इंटरनेटवरच्या प्रत्येक मशीनच्या लॉगमध्ये ते सापडतं. त्याच्यामागे लागून वेळ घालवू नका.

अर्धवट, तुमच्या दोन्ही कोड्यांचं उत्तर एकच आहे: ही प्रोसेस कंटेनरच्या आत चालते. कर्नलला युजरचं नाव कळत नाही, नुसता क्रमांक कळतो. रेडिसच्या अधिकृत इमेजमध्ये रेडिस युजरचा क्रमांक ९९९ असतो. तुमच्या होस्टवर, म्हणजे कंटेनरच्या बाहेरच्या मूळ मशीनवर, ९९९ हा क्रमांक सिस्टमडी-कोअरडम्पला मिळालाय, म्हणून प्रोसेसची यादी दाखवणारा पीएस बिचारा त्याचं नाव छापतो. फाइलचंही तसंच. ती कंटेनरच्या टीएमपीमध्ये आहे आणि तुम्ही होस्टच्या टीएमपीमध्ये शोधताय. प्रॉकमध्ये त्या पीआयडीच्या (प्रोसेसच्या क्रमांकाच्या) फोल्डरात 'रूट' नावाची लिंक असते, तिच्यातून आत शिरा, फाइल समोर दिसेल.

पण घाईने रेडिसवर आळ घेऊ नका. पोस्टग्रेसच्या इमेजमध्येही ९९९ च असतो. त्याच फोल्डरातली सीग्रुप नावाची फाइल वाचा. तिच्यात कंटेनरचा लांबलचक आयडी असेल, तो डॉकर पीएसच्या यादीशी जुळवा. आणि ती यादी उघडलीच आहे तर पोर्टचा रकाना इथे टाका.

अर्धवट_ॲडमिन

बाप रे, फाइल आहे तिथे! शेजारी किनसिंग नावाची अजून एक आहे. आयडी रेडिसचाच निघाला. पोर्टच्या रकान्यात ०.०.०.०:६३७९ दिसतंय. पण यूएफडब्ल्यूमध्ये ६३७९ उघडलेला नाही, आत्ता परत तपासलं.

जुनी_शेल

तीच तर गोम आहे. यूएफडब्ल्यूचे तुमचे नियम इनपुट साखळीवर, म्हणजे होस्टसाठी आलेल्या पॅकेटवर लागतात. पोर्ट पब्लिश केला, म्हणजे कंटेनरचा पोर्ट बाहेर उघडला, की डॉकर स्वतः आयपीटेबल्समध्ये (कर्नलच्या फायरवॉलमध्ये) नियम घालतो आणि पॅकेटचा पत्ता प्रीराउटिंगमध्येच बदलून कंटेनरचा करतो. मग ते पॅकेट इनपुटकडे जातच नाही, फॉरवर्डच्या वाटेने निघून जातं, आणि तिथे डॉकरने आपले नियम यूएफडब्ल्यूच्या आधी बसवलेले असतात. यूएफडब्ल्यू स्टेटस खोटं बोलत नाही, त्याला फक्त ही वाट दिसत नाही.

त्यात रेडिसच्या इमेजची भर. बाहेरच्याला आपोआप नकार देणारा प्रोटेक्टेड मोड रेडिसमध्ये २०१६ च्या ३.२ आवृत्तीपासून आहे, पण डॉकरच्या इमेजमध्ये तो मुद्दाम बंद ठेवतात, नाहीतर शेजारच्या कंटेनरलाही बोलता येणार नाही. पासवर्ड तुम्ही लावला नसेलच. उघड्या रेडिसमधून आत कसं शिरता येतं हे तर रेडिसच्या मूळ कर्त्याने, साल्वातोरे सानफिलिप्पोने, २०१५ मध्ये स्वतःच करून दाखवलं होतं.

'आमचा एवढासा सर्व्हर कुणाला माहीत' हे मनात आलं असेल तर काढून टाका. २०१३ साली आलेला झेडमॅप हा पोर्ट चाचपणारा प्रोग्राम एकाच मशीनवरून, गिगाबिटच्या जोडणीवर, सबंध आयपीव्ही४ मधला एक पोर्ट ४५ मिनिटांच्या आत चाचपून येत होता. तुम्हाला कुणी निवडलेलं नाही, यादीत सापडलात.

रेडिसमध्ये बॅकअप१, बॅकअप२ अशा नावाच्या की दिसतात का?

अर्धवट_ॲडमिन

आहेत! चार आहेत. मला वाटलं आधीच्या सहकाऱ्याची काहीतरी सोय असेल. बाकी सेशन्स उडालेली. म्हणजे लॉगआउटचं कारणही हेच? दोन दिवस गेले हो माझे.

जुनी_शेल

हो. आधी सगळ्या की पुसायच्या, मग क्रॉनची ओळ या नव्या की मध्ये ठेवायची आणि रेडिसलाच डेटा क्रॉनच्या फोल्डरात सेव्ह करायला लावायचं, ही जुनी युक्ती. कंटेनरमध्ये ती फसली, कारण रेडिस युजरला तिथे लिहिता येत नाही. दुसरी लागू पडली असणार: तुमच्या रेडिसला चोराच्या रेडिसचा रेप्लिका (प्रत ठेवणारा) बनवायचं, सिंकच्या नावाखाली एक मॉड्यूल (रेडिसला जोडायचा कोड) पाठवायचं आणि ते लोड करायला सांगायचं. डॉकर लॉग्जमध्ये कुठल्या अनोळखी मास्टरशी सिंक झाल्याच्या ओळी सापडतील. २०२२ च्या रेडिस ७ पासून मॉड्यूल लोड करायची आज्ञा मुळातच बंद असते.

आता सुटका. कंटेनर किल नका करू, आधी पॉज करा. डॉकर डिफने इमेजपेक्षा काय वेगळं झालंय ते बघा, लॉगची प्रत काढा. मग कंटेनर काढून टाका. नुसता रीस्टार्ट करून भागणार नाही, त्या फाइली जागच्या जागी राहतात. व्हॉल्यूमही टाका, कारण ते मॉड्यूल डेटाच्या फोल्डरातच उतरलेलं असतं. सेशन्सच होती, लोक पुन्हा लॉगिन करतील. नव्या कंटेनरला पोर्ट पब्लिशच करू नका, कंपोजच्या नेटवर्कमध्ये ॲपला रेडिस नावाने सापडतो. फारच गरज असेल तर १२७.०.०.१ ला बांधा. आणि रिक्वायरपास, म्हणजे रेडिसचा पासवर्ड, लावा.

होस्ट पुसायचा का, हे एका गोष्टीवर ठरेल. त्या कंटेनरला डॉकरचं सॉकेट किंवा होस्टचं एखादं फोल्डर जोडलं होतं का? प्रिव्हिलेज्ड, म्हणजे होस्टचे जवळजवळ सगळे अधिकार देऊन, चालवला होता का? यातलं एकही 'हो' असेल तर मी तरी त्या मशीनवर विश्वास ठेवणार नाही. किनसिंग हा मायनर आणणारा मालवेअर एसएसएचच्या किल्ल्या आणि नोन-होस्ट्स (आधी जोडलेल्या मशीनची यादी) गोळा करून पुढच्या मशीनवर उडी मारतं.

पिंग_पांडू

पोर्ट बदलायचं मागे घेतो. पण डॉकरला आयपीटेबल्सला हातच लावू नकोस असं सांगता येतं ना?

जुनी_शेल

येतं, आणि मग कंटेनरला बाहेर जायची वाट आपल्या हाताने बांधावी लागते. त्या फंदात पडू नका. गाळणी हवीच असेल तर डॉकर-युजर नावाची साखळी त्यासाठीच आहे. फक्त तिथे पॅकेट पोचतं तेव्हा पोर्ट बदलून कंटेनरचा झालेला असतो. मूळ पोर्टवर नियम हवा असेल तर कॉनट्रॅकमधून (कर्नलच्या जोडण्यांच्या नोंदीतून) तो विचारावा लागतो. यात मी स्वतः एक अख्खी रात्र घालवली आहे.

अर्धवट_ॲडमिन

झालं. सॉकेट नव्हतं, होस्टचं फोल्डर नव्हतं, प्रिव्हिलेज्डही नाही. कंटेनर आणि व्हॉल्यूम दोन्ही काढले, रेडिस ७ चढवला, पोर्ट पब्लिश केला नाही. मोबाइलच्या डेटावरून ६३७९ चाचपला, लागत नाही. सीपीयू ४ टक्क्यांवर. मनापासून धन्यवाद!

जुनी_शेल

छान. त्याच यादीत पोस्टग्रेससमोर काय लिहिलंय?

अर्धवट_ॲडमिन

०.०.०.०:५४३२. पण त्याला पासवर्ड आहे.

जुनी_शेल

पासवर्ड इथे लिहू नका. पण ॲप सुपरयुजर म्हणून जोडलं जात असेल तर ९.३ पासून कॉपीच्या आज्ञेतून थेट शेल चालवता येतो. म्हणून विचारतो, अंदाज लावता येण्यासारखा आहे का?

अर्धवट_ॲडमिन

युजरचं नाव आणि पासवर्ड एकच आहे. आलोच.