एकदिवसीय गडभ्रमंतीची बस : वर्गणी, वेळ आणि मागे राहणारी मंडळी

सावकाश_चालणारी

नमस्कार. पुण्यातील आमच्या छोट्या गिरिभ्रमण मंडळाच्या मासिक सहलींचे नियोजन या वर्षीपासून माझ्याकडे आले आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बस करून एखाद्या गडावर जायचे आणि रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत घरी परतायचे, असा आमचा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. सभासदांमध्ये महाविद्यालयात शिकणारी मुले आहेत, तसेच एकाहत्तर वर्षांचे एक काकाही आहेत, आणि ते एकही सहल चुकवत नाहीत.

डिसेंबरमधील राजगडाच्या सहलीत मात्र आमचे गणित पूर्ण चुकले. सकाळी आठ वाजता पायथ्याच्या गुंजवणे गावातून चढायला लागायचे ठरले होते, प्रत्यक्षात पावणेदहा झाले. चोर दरवाजाच्या खालच्या खड्या टप्प्यावर गर्दी असल्यामुळे आणखी वेळ गेला. त्याच वाटेने परतताना शेवटचे सहा जण विजेरीच्या उजेडात सव्वासातला खाली पोहोचले आणि उरलेली मंडळी दोन तास बसमध्ये ताटकळत, खरे सांगायचे तर कुरकुरत, बसून राहिली. पैशांचेही तेच झाले. ३२ आसनी बसचे भाडे टोल आणि चालकाच्या भत्त्यासह १५,५०० रुपये होते. ३१ जणांनी नावे दिल्यामुळे प्रत्येकी ५०० रुपये वर्गणी ठरवली, परंतु शेवटच्या दोन दिवसांत नऊ जण गळाले आणि साडेचार हजारांची तूट मंडळाच्या शिलकीतून भरावी लागली.

बस लहान करावी का, वर्गणीचा नियम कसा असावा आणि चालण्याच्या वेगातील फरकामुळे सगळ्यांचा खोळंबा होऊ नये यासाठी काय करता येईल, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

घाटवाटाड्या

आपण वेळेचे गणित घरातून निघण्यापासून मांडता आहात, असे वाटते. ते उलट्या दिशेने मांडून पाहा. डिसेंबरमध्ये पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे तुमच्यातला सर्वांत सावकाश उतरणारा माणूस पाचपर्यंत बसपाशी हवा, त्यासाठी त्याने अडीचच्या आत माची, म्हणजे बालेकिल्ल्याखालचा तटबंदीचा सपाट भाग, सोडायला हवी, आणि त्याला गड पाहायला दोन तास द्यायचे असतील तर साडेबारापर्यंत तो वर पोहोचायला हवा. त्याला चढायला चार तास लागत असतील, तर चढाईची वेळ साडेआठ ठरते. या सगळ्या हिशेबात चपळ माणसाच्या वेगाला काहीही किंमत नाही, कारण बस शेवटच्या माणसाशिवाय हलत नाही.

माझ्या अनुभवात गटाचा खरा वेळ डोंगरावर जातच नाही, तो स्वारगेट आणि पायथा यांच्या मध्ये जातो. सहा ठिकाणी थांबून माणसे घेणे बंद करा. सातारा रस्त्याने जायचे असेल, तर शिवाजीनगर, स्वारगेट आणि कात्रज एवढे तीन थांबे पुरतात. दुसरा चोर म्हणजे नाश्ता. तीस माणसे एकाच वेळी हॉटेलात शिरली, की पोहे येईपर्यंत आणि मग प्रत्येकाचा दुसरा चहा होईपर्यंत पाऊण तास सहज जातो. आम्ही आता नाश्ता आदल्या दिवशी सांगून ठेवतो, पुडे बसमध्येच वाटतो आणि नसरापूरच्या फाट्यावर चहापुरते थांबतो. यावर पहिले दोन महिने बरीच नाराजी झाली होती, हे मान्य करतो.

आता राजगडाविषयी. बस हाताशी असण्याचा सर्वांत मोठा फायदा हा, की चढलेल्या वाटेनेच उतरण्याची सक्ती राहत नाही. स्वतःची चारचाकी पायथ्याशी उभी करणाऱ्याला ही चैन नसते. तुम्ही हा फायदा न घेता बसचे पैसे मोजलेत. गुंजवण्याची वाट खडी आहे आणि चोर दरवाजाच्या खाली कातळातून, लोखंडी कठड्यांना धरून चढावे लागते. तेथे एका वेळी एकच माणूस पुढे सरकतो, त्यामुळे रविवारी रांग लागतेच. याउलट पाली दरवाजाची वाट हा गडाचा राजमार्ग, पुष्कळ रुंद आणि पायऱ्यांचा. म्हणून बसने आधी चपळ मंडळींना गुंजवण्यात उतरवावे, मग मार्गासनीकडून वळसा घेऊन सावकाश चालणाऱ्यांना पायथ्याच्या पाली गावाकडे न्यावे आणि दिवसभर तेथेच थांबावे. दोन्ही गट पद्मावती माचीवर तळ्याजवळ भेटतील, भाकरी एकत्र खातील आणि पाली दरवाजाने सगळेच एकत्र उतरतील. खोळंब्याचे ठिकाण असलेला कातळटप्पा उतरताना लागणारच नाही.

मागे चालणाऱ्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. अनेक मंडळांत जो दमतो तोच आपोआप शेवटचा ठरतो आणि त्याच्यासोबत कोणी तरी दयेपोटी रेंगाळते. शेपटाला राहण्याचे काम गटातल्या सर्वांत दमदार आणि शांत स्वभावाच्या माणसाला नेमून द्यावे, त्याच्या पाठपिशवीत प्रथमोपचाराची पेटी, जादा पाणी आणि दोन विजेऱ्या असाव्यात, आणि त्याच्या मागे कोणीही राहणार नाही, हा नियम अध्यक्षांनाही लागू असावा. परत फिरण्याची वेळ बसमध्येच जाहीर करावी. ती वेळ झाली, की माणूस जिथे असेल तिथून वळतो, मग बालेकिल्ला पाहायचा राहिला तरी चालेल.

शिलकीचा_हिशेब

वेळेविषयी वर उत्तम लिहिले आहे, म्हणून मी फक्त पैशांविषयी लिहितो. सोळा वर्षे मंडळाचा खजिनदार होतो. चूक वर्गणीच्या रकमेत नसून भागाकारात आहे. नावे ३१ आली म्हणून भाड्याला ३१ने भागले, हेच चुकले. बसच्या आसनांपैकी ऐंशी टक्केच भरतील असे धरून भागावे. ३२ची ऐंशी टक्के म्हणजे साधारण पंचवीस, आणि १५,५०० भागिले २५ म्हणजे ६२० रुपये. पंचवीस आले तर हिशेब जुळतो, ३१ आले तर ३,७२० रुपये शिल्लक राहतात आणि त्यातून विद्यार्थ्यांना सवलत देता येते. माणसे वाढीव वर्गणीवर फार तक्रार करत नाहीत. परंतु नंतर मागितलेल्या पन्नास रुपयांवरून वर्षभर बोलतात.

नाव नोंदवतानाच पूर्ण रक्कम घ्यावी. गळणाऱ्याने प्रतीक्षायादीतील कोणी बदली दिला तर पूर्ण परतावा, नाही तर नाश्त्याचे पैसे परत आणि बसचा वाटा जप्त. आजारपणाला अपवाद करण्याचा मोह होईल, पण करू नये, कारण मग शनिवारी रात्री सगळेच आजारी पडतात.

लहान गाडीचे म्हणाल, तर सतरा आसनी गाडीचे भाडे ३२ आसनी बसच्या निम्मे नसते, त्यामुळे दरडोई खर्च फारसा उतरत नाही. तिचा फायदा वेगळा आहे. पायथ्याच्या गावाआधीच्या अरुंद रस्त्यावर ती निभावते आणि गावात वळवता येते. गाडी कोणतीही घ्या, पण पिवळ्या पाटीचीच घ्या. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, पण भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना तिच्याकडे नसतो आणि अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो.

आणखी एक. अनेक बसमालक दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे पैसे लावतात आणि मोजणी त्यांच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत करतात. राजगडाचे जाणे-येणे याच्या निम्म्याहून कमी भरते, म्हणून सभासद लगेच म्हणतात, ‘तेवढ्याच पैशात कळसूबाई का नको?’ कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव पुण्याहून पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर आहे. पहाटे बारीला पोहोचायचे तर रात्री निघावे लागते, म्हणजे चालक रात्रभर गाडी हाकणार, दिवसा उन्हात बसमध्ये डुलकी काढणार आणि संध्याकाळी पुन्हा घाट उतरणार. मोटार वाहतूक कामगार कायद्यात १९६१मध्येच दिवसाला आठ तास कामाची मर्यादा सांगितली होती, ती शोभेसाठी नव्हती. अशा सहलीला दोन चालक मागा किंवा मुक्काम करा. तीनशे किलोमीटर वसूल करण्यासाठी आपण तीस माणसे पणाला लावू नयेत.

लालपरी

माझे मत थोडे वेगळे आहे. प्रत्येक महिन्याला बस हवीच कशाला? लोहगड-विसापूरसाठी पुण्याहून बस करणे मला पटतच नाही. सकाळच्या लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे, भाजे गावातून विसापूर चढावा, गायमुख खिंडीत उतरून लोहगड करावा आणि पुन्हा मळवली गाठावी. पावसाळ्यातील रविवारी त्या रस्त्यावर वाहने तासन्‌तास अडकतात आणि चालणारे त्यांच्या बाजूने निवांत पुढे जातात. दुपारच्या लोकलमध्ये मोठा खंड असतो, तेवढे वेळापत्रक पाहून ठेवावे. तोरण्यासाठी स्वारगेटहून वेल्ह्याला एसटी आहे. महिलांना निम्मे तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे आणि पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत असल्यामुळे तुमच्यासारख्या गटाचा खर्च पुष्कळ उतरेल. शेवटची परतीची गाडी चुकेल, या भीतीनेच लोक वेळेवर उतरतात, हा माझा अनुभव आहे. मोठा गट असेल, तर महामंडळ प्रासंगिक करारावर पूर्ण बसही देते. आगारात आधी चौकशी करावी.

घाटवाटाड्या

एसटीचा मुद्दा तोरण्याला लागू आहे, पण परतीची गाडी चुकण्याच्या भीतीने वेगाने उतरणारी माणसेच घसरतात. सावकाश चालणारे गटात असतील, तर मी हा धोका पत्करणार नाही.

सावकाश_चालणारी

सर्वांचे आभार. वर्गणीचा नियम आणि नाश्त्याचे पुडे हे दोन्ही बदल लगेच करते, आणि फेब्रुवारीची सहल लोकलने विसापूरला ठरवली आहे. मार्चमध्ये मात्र राजगड पुन्हा घ्यायचा आहे. त्यात एक नाजूक अडचण आहे. दोन गटांची कल्पना मी काकांजवळ बोलून दाखवली, तेव्हा ते हसून एवढेच म्हणाले, ‘म्हणजे आम्हाला सोप्या वाटेला लावणार तर.’ त्यानंतर त्यांनी अजून नाव दिलेले नाही.

घाटवाटाड्या

त्यांना सोपी वाट म्हणून सांगूच नका. पालीकडून चढणारा गट चोर दरवाजाच्या रांगेत अडकत नाही, आणि पाली दरवाजातून आत आल्यावर संजीवनी माची जवळ असते. तेव्हा त्या गटाचा कार्यक्रमच वेगळा ठेवा. चपळ मंडळी बालेकिल्ल्याकडे जातील तेवढ्या वेळात पालीच्या गटाने संजीवनीची दुहेरी तटबंदी आणि बुरूज सावकाश पाहावेत, आणि जेवणाच्या वेळी दुसऱ्यांना त्याची माहिती द्यावी. काकांना त्या गटाचे नेतृत्व द्या. इतक्या वर्षांत त्यांनी ती माची तुमच्यापेक्षा अधिक वेळा पाहिली असणार.

आणि चालकाला बस पालीत नेमकी कुठे उभी राहील, हे गुंजवण्यात उतरण्यापूर्वीच विचारून ठेवा. गडावरून फोन लागेलच, असे गृहीत धरू नका.

सावकाश_चालणारी

नेतृत्वाचे विचारले. त्यांनी नाव दिले, आणि चढाईची वेळ साडेआठऐवजी आठ करावी, असा निरोपही पाठवला आहे.