नवरात्रात नऊ दिवस अनवाणी: तयारी कशी करावी?

कोथरूडकर
यंदा घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत पायात काही घालायचं नाही, असं ठरवलंय. नवस वगैरे नाही. पायातली चप्पल आपण किती गृहीत धरतो, ते एकदा नीट कळावं एवढंच. सकाळी पुण्यातली एआरएआय टेकडी, संध्याकाळी भाजी, एक दिवस चतुःशृंगीचं देऊळ आणि दुचाकीवरून ऑफिस, असा कार्यक्रम असेल. महिनाभर हातात आहे. सुरुवात कुठून करू?

पायवाट
महिना आहे हे फार बरं. थेट घटस्थापनेला चपला काढल्या की तिसऱ्या दिवशी हाल होतात, आणि ते कातडीपेक्षा पोटरीचे जास्त. धावण्याच्या बऱ्याच बुटांची टाच पंजापेक्षा सेंटिमीटरभर उंच असते. तो आधार गेला की पोटरी आणि टाचेमागची शीर एकदम ताणली जाते.

पहिला आठवडा दिवसाआड दहाच मिनिटं, सोसायटीच्या बागेतल्या मातीवर. दुसऱ्या आठवड्यात पंधरा, तिसऱ्यात वीस, मग रोज अर्धा तास. डांबर आणि पेव्हर ब्लॉक शेवटच्या आठवड्यातच. पावलं आखूड टाका. टाच आपटत चालायची सवय बुटातल्या गादीमुळे लागते, अनवाणी ती चालत नाही. पाय घासत नेऊ नका, उचलून ठेवा, नाहीतर पेव्हरच्या वर आलेल्या कडेला अंगठा ठेचकाळलाच समजा.

सकाळी पहिल्याच पावलाला टाचेत कळ आली तर दोन-तीन दिवस थांबा. पंजाच्या वर एकाच ठिकाणी दाबल्यावर दुखत असेल, सूज असेल, तर चालणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. एकदम जास्त चाललं की पंजाच्या हाडाला बारीक चीर जाऊ शकते.

तळव्याला घट्टे पडतील त्याची काळजी नको. केनियातल्या अनवाणी चालणाऱ्यांवरचा अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला होता. कातडी जाड झाली तरी तळव्याची जमीन ओळखण्याची जाण कमी होत नाही, असं त्यात दिसलं.

मुरुमाड
टेकडीबद्दल सांगतो. नवरात्र म्हणजे गवत पिकायचे दिवस, तेव्हा खरा शत्रू कुसळ. त्याचं टोक सुईसारखं आणि त्यावर मागे वळलेले केस, त्यामुळे शिरलं की पुढेच सरकतं. वर त्याची लांब शेपटी दवाने ओली होऊन वाळली की पिळवटते आणि टोक आणखी आत ढकलते. गवतातून जाऊच नका, मळलेल्या मुरुमाच्या वाटेनेच चला. रस्त्याच्या कडेला सराटे, बाभळीखाली काटे.

काटा मोडला तर दाबून काढू नका, आणखी खोल जातो. टॉर्चचा उजेड बाजूने आडवा पाडा म्हणजे टोक दिसतं, आणि तो ज्या कोनात शिरला त्याच कोनात चिमट्याने बाहेर ओढा. जखम मातीने भरली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्या.

ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी बारा ते चार डांबर टाळा. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर पायही ठेवू नका.

तुम्हाला जे कळून घ्यायचंय त्याबद्दल एक. काटा आणि चटका तर लगेच कळतो. त्याहून मोठं म्हणजे नजर. अनवाणी माणूस सतत दोन पावलं पुढची जमीन बघत चालतो. मान वर करून, बोलत, झाडं बघत चालता येतं, ही चप्पलेचीच देणगी आहे. रोज संध्याकाळी लिहून ठेवा: कुठे वेग मंदावला, कुठे वाट बदलावी लागली.

शेवंती
दोन गोष्टींत तडजोड नको. दुचाकीवर बूट घालाच. सिग्नलला पाय टेकवताना किंवा गाडी कलली की उघडा पाय पहिला सापडतो. आणि मधुमेह असेल तर हा बेत सोडा. संवेदना कमी झालेल्या पायाला काच रुतली तरी कळत नाही.

चतुःशृंगीला गर्दीत पायऱ्यांवर करवंटीचे तुकडे आणि सांडलेलं पाणी असतं. पहाटेच जा. साचलेल्या पाण्यात आणि घाण असलेल्या ओल्या मातीत पाय घालू नका. हुकवर्म या आतड्यातल्या जंताच्या अळ्या तळव्याच्या कातडीतूनच शिरतात.

कोथरूडकर
शुगर नाही. टाचांना थोड्या भेगा आहेत, त्यांचं काय?

शेवंती
आजपासूनच लागा, कोरडी भेग अनवाणी चालताना उकलते. रात्री पंधरा मिनिटं कोमट पाण्यात पाय, मग ओल्या टाचेवर वज्री (टाच घासायची खरबरीत घासणी) हलक्या हाताने. कोरड्या टाचेवर कधीच नाही. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा. कोकमतेलाचा गोळा पळीत जरा गरम करून पातळ झाला की भेगांत भरा आणि सुती मोजे घालून झोपा. रक्त येत असेल तर ती भेग भरेपर्यंत वज्री नाही आणि अनवाणी चालणंही नाही.